लस, ग्रुप आणि रात्री दोनचं सर्च

या वेळचा तुमच्या पत्रांचा गठ्ठा उघडला आणि एक गंमत लक्षात आली, बहुतेक पत्रांत लस कमी आणि फोन जास्त होता. डोस द्यावा का असं सरळ कुणीच विचारत नाहीये, सगळे विचारतायत की ग्रुपवर असं वाचलं, व्हिडिओत असं बघितलं, आता काय करू. म्हणून या वेळी सगळी याच विषयाची पत्रं घेतली. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी वर्षाची झाली, एमएमआरचा (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा) डोस द्यायचाय. मी फक्त "डोसनंतर ताप किती दिवस राहतो" एवढंच सर्च केलं होतं, त्यातून एक व्हिडिओ लागला, मग दुसरा, रात्रीचे दोन वाजले. आयांच्या एका ग्रुपवर विचारलं तर चाळीसेक कमेंट आल्या, त्यातल्या तिघींनी लिहिलं की डोसनंतर त्यांचं मूल बोलायचंच बंद झालं. नवरा म्हणतो वेडेपणा करू नकोस. मी डोस पुढे ढकललाय. मी वेडी आहे का? (एक आई)

उत्तर: अजिबात नाही हो. रात्री दोन वाजता बाळ शेजारी झोपलेलं असताना असलं काही वाचून ज्या आईच्या पोटात गोळा येत नाही ती आई मला तरी अजून भेटायचीय.

आता त्या चाळीस कमेंटकडे जरा बघू. तिघींनी वाईट लिहिलं, बाकीच्यांनी काय लिहिलं ते तुम्हाला आठवतंय का? नाही आठवत ना, कारण त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतंच, "आमच्याकडे ताप आला, गेला" यावर कुणी थांबत नाही. आणि ज्या हजारो आयांच्या मुलांना डोसनंतर काहीच झालं नाही त्या तर त्या ग्रुपवर फिरकल्याही नाहीत, त्या कशाला फिरकतील, त्यांना प्रश्नच पडला नव्हता. "काहीच झालं नाही" याची पोस्ट होत नसते, न झालेल्या गोवराचा फोटो काढता येत नाही. त्यामुळे ग्रुपवर जे दिसतं ती शितावरून केलेली भाताची परीक्षा असते, आणि शितंही कुणीतरी मुद्दाम वेचून ठेवलेली.

त्या तिघी खोटं बोलत असतील असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. पण ऑटिझमची, म्हणजे मुलाच्या बोलण्यात आणि इतरांशी मिसळण्यात अडचण येते त्या मेंदूच्या वाढीतल्या स्थितीची, लक्षणं आईबापाच्या लक्षात यायला लागतात ती साधारण एक ते दोन वर्षांच्या वयात आणि एमएमआरचे डोसही त्याच वयाच्या आसपास असतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. खरंच कावळ्याने फांदी मोडली का हे बघायचं तर कावळा न बसलेल्या फांद्याही मोजाव्या लागतात. डेन्मार्कमध्ये हेच केलं, ६ लाख ५७ हजार ४६१ मुलं, डोस घेतलेली आणि न घेतलेली, वर्षानुवर्षं बघितली, २०१९ ला निकाल छापून आला, डोस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. त्यांच्याकडेच २००२ साली पाच लाखांवर मुलांचा असाच अभ्यास झाला होता, उत्तर तेच.

मग हे आलं कुठून? फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एमएमआरचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक पेपर छापला, मुलं किती, तर १२. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने ते प्रकरण खणून काढलं, माहितीत फेरफार सापडला, २०१० साली लॅन्सेटने पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. पण पेपर मागे घेता येतो, स्क्रीनशॉट कुठे मागे घेता येतात? १९९८ ला फेसबुक नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तेव्हा ती बातमी वर्तमानपत्रातून पसरली आणि एव्हाना विरूनही गेली असती, तिला नवीन आयुष्य मिळालं ते लोक स्वतः लिहायला, शेअर करायला लागल्यावर.

आणि तुमच्यावर झालेला परिणाम काही तुमच्या एकटीचा नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१० साली छापलेला एक प्रयोग आहे, लोकांना लसविरोधी वेबसाइट फक्त पाच-दहा मिनिटं बघायला दिली, तेवढ्यावर लसीचा धोका त्यांना आधीपेक्षा मोठा वाटायला लागला आणि लस न घेण्याचा धोका लहान. पाच-दहा मिनिटं! तुम्ही तर रात्री दोनपर्यंत बसला होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, जो या सगळ्यात हरवला. एमएमआरनंतर ताप आला तर तो बहुधा लगेच न येता सात ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर पुरळ, एकदोन दिवसांत जातं. तापामुळे झटका (आकडी) येऊ शकतो, साधारण तीन-चार हजार डोसांत एखाद्या मुलाला, बघणाऱ्याचा जीव जातो पण मुलाला कायमची इजा होत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर सर्च करायची वेळच आली नसती, यात चूक आम्हा डॉक्टर लोकांची आहे, दोन मिनिटं जास्त बोलत नाही आम्ही.

आणि ढकलला म्हणता ना, त्यात एक मेख आहे. डोस दिला आणि काही झालं तर "मी केलं" असं वाटतं, डोस दिला नाही आणि गोवर झाला तर "झालं" असं वाटतं, त्यामुळे न करणं नेहमी सुरक्षित भासतं. गोवराला मात्र हा फरक कळत नाही. तो एकाकडून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना होऊ शकतो, म्हणून तर ९५ टक्के लोकांनी लस घेतलेली लागते, आणि त्यात हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. नवऱ्याला सांगा वेडी म्हणण्यापेक्षा डोसच्या दिवशी सुट्टी काढ.

प्रश्न: आमच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर आलंय की लसीत पारा असतो आणि तो मेंदूत साठतो. फॉरवर्ड खूप सविस्तर आहे, रासायनिक नावंसुद्धा आहेत. खरं काय? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, रासायनिक नावं होती म्हणूनच तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, ते लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. थायोमर्सल नावाचं एक प्रिझर्वेटिव्ह काही लसींच्या, मुख्यतः एका बाटलीतून अनेकांना डोस द्यायच्या लसींच्या, बाटलीत असतं, त्यातून शरीरात इथिल मर्क्युरी तयार होतं आणि ते बऱ्यापैकी लवकर बाहेर पडतं. साठत जातं ते मिथिल मर्क्युरी, ते वेगळं. एका अक्षराचा फरक आहे पण सर, इथिल आणि मिथिल अल्कोहोलमध्येही तेवढाच फरक आहे आणि त्यातलं एक प्यायलं तर माणूस आंधळा होतो, तुम्ही वर्गात शिकवलंही असेल. एमएमआरमध्ये तर हे थायोमर्सल कधी नव्हतंच. अमेरिकेत १९९९ ते २००१ च्या सुमारास लहान मुलांच्या नेहमीच्या लसींमधून ते काढून टाकलं, त्यानंतर ऑटिझमच्या नोंदी काही कमी झाल्या नाहीत. फॉरवर्ड पुढे पाठवलं नसेल अशी आशा करते.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. एका लसविरोधी व्हिडिओवर हसण्यासाठी क्लिक केलं, मित्रांना पाठवला, कमेंटमध्ये भांडलो पण. आता माझं सगळं फीड तसल्याच गोष्टींनी भरलंय. हे कोणी मुद्दाम करतंय का?

उत्तर: अरे, मशीनला तुझं हसू कुठे दिसतं? तू थांबलास, पाठवलास, कमेंट केलीस, एवढंच त्याला कळतं. रागाने केलेली कमेंट आणि प्रेमाने केलेली कमेंट त्याच्या वहीत सारखीच. तू भांडून त्या व्हिडिओचं भलंच केलंस.

मुद्दाम म्हणशील तर तसंही आहे. २०१८ ला अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की लसीच्या वादात ट्विटरवर बॉट (आपोआप पोस्ट टाकणारी अकाउंट) आणि रशियन ट्रोल अकाउंट दोन्ही बाजूंनी लिहीत होते, लसीच्या बाजूनेपण आणि विरोधातपण, त्यांना लसीशी देणंघेणं नव्हतं, भांडण पेटतं राहिलं की झालं. शिवाय भीती दाखवून शेवटी कसला तरी कोर्स नाहीतर गोळ्या विकणारेही आहेत, व्हिडिओ अखेरपर्यंत बघितलास तर सापडतील.

पण मला विचारशील तर मोठा भाग आपला स्वतःचा आहे. त्याच वर्षी सायन्स या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या साधारण १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या, खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जायची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि बॉट बाजूला काढून मोजलं तरी चित्र तेच, म्हणजे पसरवणारी माणसंच. खोटी बातमी नवी वाटते, धक्का देते, "अरे हे बघ" म्हणावंसं वाटतं. खरी बातमी काय तर लस चालते, पुन्हा चालते, अजूनही चालते. कंटाळवाणी आहे बिचारी. हे आजचंही नाही, २००७ साली यूट्यूब नवं होतं तेव्हा कुणीतरी लसीकरणाचे १५३ व्हिडिओ मोजले होते, ४८ टक्के लसीच्या बाजूचे, ३२ टक्के विरोधातले, पण रेटिंग आणि व्ह्यूज विरोधातल्यांना जास्त.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, सर्चमध्ये टाकलेला शब्दच तुम्हाला कुठे न्यायचं ते ठरवतो. "गोवर लस माहिती" टाकलं तर एक दुनिया उघडते, "लसीचं लपवलेलं सत्य" टाकलं तर दुसरी, कारण "लपवलेलं सत्य" असे शब्द कुठलंही सरकारी खातं किंवा हॉस्पिटल आपल्या पानावर लिहीत नाही, ती जागा रिकामी असते आणि रिकाम्या जागेत कोण घर बांधून बसतं ते तुला कळलंच असेल. २०१९ मध्ये पिंटरेस्ट या फोटो शेअर करायच्या साइटने तर लसीचे सर्च रिझल्ट दाखवणंच काही काळ बंद केलं होतं, बाकीच्या कंपन्यांनीही त्या सुमारास जाहिराती, शिफारशी आवळल्या, पण खाजगी ग्रुपमधलं कोण बघणार.

तुझ्यापुरतं, "यात रस नाही" बटण दाब, थोडे दिवस कशावरही भांडू नकोस. फीडला उपाशी ठेव.

प्रश्न: प्रश्न विचारणं गुन्हा आहे का? लसीने त्रास होतो हे तुम्ही लोक लपवता आणि इंटरनेटमुळे उघडं पडलं म्हणून चिडता. कंपन्यांकडून काय मिळतं तेही छापा. (एक संतापलेला वाचक)

उत्तर: कंपन्यांकडून मला काही मिळत नाही आणि हे मासिक काय देतं ते छापायला संपादक तयार नाहीत.

प्रश्न विचारणं गुन्हा नाही. आणि त्रास होतो, होतो ना. रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) एक लस अमेरिकेत १९९९ ला बाजारातून काढून घेतली, काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरत होता म्हणून. कोविडमध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीने क्वचित कुणाच्या रक्तात गाठी झाल्या, २०२१ च्या सुरुवातीला हे लक्षात आलं आणि कित्येक देशांनी तरुणांना ती देणं थांबवलं. पण हे पकडलं कुणी, तर डॉक्टरांनी आणि त्यांच्या नोंदी तपासणाऱ्यांनी. नोंद मात्र वेगळी आणि कारण वेगळं, अमेरिकेत तर लसीनंतर जे काही झालं ते कुणीही कळवू शकतो, ती यादी सगळ्यांना उघडी आहे, आणि त्यातलाच आकडा उचलून "लसीने इतके मेले" अशी पोस्ट होते. लपवलं असतं तर यादी उघडी कशाला ठेवली असती?

तुमचं एक मात्र मान्य, गप्प बसण्याची किंमत फार मोठी असते. सामोआ या बेटांच्या देशात जुलै २०१८ मध्ये एमएमआर दिल्यावर दोन बाळं गेली. लस ठीक होती, नर्सनी लसीची पावडर पाण्याऐवजी भलत्याच औषधात, स्नायू सैल करणाऱ्या एक्सपायर झालेल्या औषधात कालवली होती. भयंकर चूक. सरकारने लसीकरण कित्येक महिने थांबवलं, आणि खरं काय झालं ते लोकांच्या मनात बसेपर्यंत फेसबुकने आपली गोष्ट बसवून टाकली होती, की लसच मारते. पहिल्या डोसचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ च्या शेवटी गोवर आला, जेमतेम दोन लाखांचा देश, ५,७०० च्या वर रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची. डिसेंबरात सरकारी कामकाज दोन दिवस बंद ठेवून सगळे लसीला लागले, ज्या घरात कुणी लस घ्यायचं राहिलंय त्यांनी दारावर लाल कापड लावायचं, मग टीम घरी येणार. ती लाल कापडं डोळ्यासमोर आणून बघा. अफवा पसरवणाऱ्यांना मी जितका दोष देते तितकाच उशिरा बोलणाऱ्यांनाही देते, तेव्हा आपलं निम्मं भांडण मिटलं म्हणायला हरकत नाही.

आणि इंटरनेटमुळे उघडं पडलं म्हणता, १८०२ साली जेम्स गिलरे नावाच्या चित्रकाराने देवीची लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई उगवतायत असं व्यंगचित्र काढलं होतं, आजचं मीमच की ते. फरक एवढाच की तेव्हा ते छापून विकावं लागायचं.

प्रश्न: मी पालकांच्या एका मोठ्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. लसविरोधी पोस्ट डिलीट केली की "सत्य दाबतेस", ठेवली की नवीन आया घाबरतात. पुरावे टाकले तर अजून भांडणं. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, खरंच. २०१४ साली अमेरिकेत १,७५९ पालकांवर प्रयोग झाला, एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध नाही हे नीट समजावून सांगितलं, लोकांना ते पटलंही, पण ज्यांचा लसीला आधीच विरोध होता त्यांची लस द्यायची तयारी उलट कमी झाली. म्हणजे मुद्दा गेला तरी मन तिथेच. नंतरच्या अभ्यासांत असं दर वेळी होतं असं काही दिसलं नाही, तेव्हा घाबरून पुरावे देणं सोडू नका, पण पुरावा फेकून मारू नका.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेलं, फेसबुकवरच्या जवळपास १० कोटी लोकांच्या ग्रुप आणि पेजांचा नकाशा काढला, तर लसविरोधी गट माणसांच्या हिशेबाने लहान पण गटांची संख्या जास्त, आणि ते कुंपणावरच्या लोकांत मिसळलेले, पाळीव प्राणी, शाळा, आरोग्य असल्या ग्रुपांत. लसीच्या बाजूचे लोक आपापसात एकमेकांना शाबासकी देत बसलेले. तुमचा ग्रुप म्हणजे ते कुंपणच आहे बघा. तिथे पोस्ट टाकणारीला जिंकायचं नाही, ती एक आहे, गप्प वाचणाऱ्या शेकडो आहेत, उत्तर त्यांच्यासाठी लिहायचं, शांत, छोटं, "तुझी भीती कळते, हे असं असं आहे, डॉक्टरांना हे विचार". टोमणा दिसला की गप्प वाचणारी तुमची बाजू सोडते, कारण उद्या तिने विचारलं तर तिलाही टोमणा मिळेल हे तिला कळतं.

दुसरं, आधीच सांगून ठेवा. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं होतं की खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधी दिला तर माणूस पुढच्या माऱ्याला टिकतो, म्हणजे चक्क लसच. तुम्हीही वर एक पिन करा, की इथे तुम्हाला अशा प्रकारच्या पोस्ट दिसतील, त्यात ही युक्ती असते, एकच किस्सा, घाबरवणारा फोटो, नाव नसलेला डॉक्टर.

तिसरं, किश्शाला आकड्याने हरवायला जाऊ नका, तिथे किस्साच लागतो. आयर्लंडमध्ये मुलींच्या एचपीव्ही लसीचं (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लसीचं) प्रमाण अशाच अफवांनी ८७ टक्क्यांवरून ५१ च्या आसपास आलं होतं. मग लॉरा ब्रेनन नावाची तरुण मुलगी पुढे आली, तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता, लस मिळालेली नव्हती, तिने कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचं सांगितलं. मार्च २०१९ मध्ये ती गेली, अवघी २६ वर्षांची. लसीचं प्रमाण परत चढायला लागलं ते याच काळात. तुमच्या ग्रुपवर असलं काही नसेल, नसू दे, महिन्यातून एकदा विचारा की या महिन्यात कुणाकुणाच्या बाळाचा डोस झाला, कसं होतं? दीडशे जणी लिहितील "रडलं, झोपलं, उठून खेळलं". कंटाळवाणं दिसेल. तेच हवंय.

प्रश्न: सूनबाईने नातवाचे डोस थांबवलेत. मी रोज तिला लसीचे चांगले चांगले लेख पाठवायचो, दिवसाला चार-पाच. आता तिने मला ब्लॉक केलंय. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही मध्ये पडू नका. (एक आजोबा)

उत्तर: आजोबा, दिवसाला चार-पाच? मीसुद्धा ब्लॉक केलं असतं.

रागावू नका. तुमचे लेख बरोबर असतील, पण तिच्या फोनवर ते त्याच रांगेत जाऊन बसतात जिथे बाकीचे फॉरवर्ड बसलेत. तिला लेखांची कमतरता नाहीये, तिच्याकडे जरुरीपेक्षा जास्त आहेत. "ऐकावे जनाचे करावे मनाचे" म्हणायचो आपण, आता जन इतके झालेत की मन कुठलं आणि जन कुठले तेच तिला समजेनासं झालं असेल. आणि ज्या ग्रुपवर ती आहे तिथे बहुतेक तिला कुणी "वेडी" म्हणत नाही, तिचं ऐकून घेतात, घरात तेवढं झालंय का?

भेटाल तेव्हा एकच विचारा, तुला नक्की कशाची भीती वाटते गं? मग गप्प बसा, हे तुम्हाला जड जाईल. ती जे सांगेल ते खोडू नका, कागदावर लिहून घ्या, कदाचित सगळ्या लसींबद्दल नसेलच, एका वेळी दोन-तीन सुया टोचतात एवढंच असेल. तो कागद घेऊन तिनेच मुलांच्या डॉक्टरकडे जायचं, घाईच्या वेळी नको, आधी फोन करून, आणि तेवढा वेळ नातवाला तुम्ही सांभाळायचं. राहिलेले डोस उशिरा का होईना देता येतात, वेळापत्रक ते लावून देतील, नव्याने पहिल्यापासून सुरू करावं लागेल असंही बहुतेक नसतं.

आणि तिने ब्लॉक काढलं की पहिला मेसेज लसीचा नको. नातवाचा फोटो मागा.